नवी मुंबई मेट्रो मार्ग १ : सेवेचे आणि तिच्याखालच्या जमिनीचे परीक्षण

बेलापूर टर्मिनल ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग ११.१ किलोमीटर लांबीचा असून त्यावर ११ स्थानके आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून तो प्रवाशांसाठी खुला आहे. खारघरमध्ये राहणारा एक नियमित प्रवासी म्हणून या सेवेविषयी लिहिताना गाडी, तिकीट, वेळ आणि स्वच्छता यांचा हिशेब मी मांडणारच आहे. परंतु तेवढ्यावर थांबलो तर या मेट्रोची पुरती ओळख वाचकाला होणार नाही. ही मेट्रो सिडको या राज्य सरकारच्या कंपनीने बांधली, म्हणजेच या शहराच्या जमिनीच्या मालकाने बांधली. भूखंड देऊन आलेल्या पैशातून रस्ते, पूल, रेल्वे आणि आता मेट्रो उभी करायची, या एका कल्पनेवर हे अख्खे शहर उभे राहिले आहे. त्यामुळे या सेवेत जे चांगले आहे त्याचे मूळ जमिनीच्या सार्वजनिक मालकीत सापडते, आणि जे उणे आहे त्याचेही मूळ बऱ्याच अंशी तिथेच सापडते.

आधी प्रवासाविषयी. तीन डब्यांची वातानुकूलित गाडी, रुंद दरवाजे, बसायला लांबलचक बाके आणि उभे राहायला भरपूर जागा, अशी एकंदर रचना आहे. स्थानके उन्नत आहेत. प्रत्येक ठिकाणी जिना, सरकता जिना आणि लिफ्ट यांची सोय आहे, त्यामुळे गुडघेदुखीने त्रासलेल्या ज्येष्ठांना आणि लहान मुलांना घेऊन निघालेल्या आयांना हा प्रवास झेपतो. स्वच्छता उत्तम आहे. भाडे सुरुवातीला १० ते ४० रुपये होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते कमी करण्यात आले आणि पूर्ण अंतराचे तिकीट ३० रुपयांवर आले. खारघरच्या आतल्या सेक्टरमधून बेलापूरला रिक्षाने जाणाऱ्याला यातली बचत वेगळी सांगावी लागत नाही. पावसाळ्यात उत्सव चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहने खोळंबतात, तेव्हा वरून जाणारी ही गाडी वेळ पाळते, आणि माझ्या मते या सेवेचा हाच सर्वांत मोठा गुण आहे.

उणिवांत पहिली म्हणजे दोन गाड्यांमधले अंतर. लोकलची सवय असलेल्या माणसाला ते मोठे वाटते. गाडी नुकतीच सुटली असेल तर फलाटावरचा थांबा आणि बेलापूरला लोकल पकडण्याची घाई, या दोहोंत सकाळचा चाकरमानी अडकतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हा मार्ग खारघर नोडच्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या या उपनगराच्या, मधोमध जातो, पण हार्बर मार्गावरील खारघर रेल्वे स्थानकाला तो स्पर्श करत नाही. मुंबईकडे जाणाऱ्याला बेलापूर गाठूनच लोकल धरावी लागते, आणि २०२५ पर्यंत तर मेट्रोचे व लोकलचे तिकीटही निरनिराळे काढावे लागत होते. ज्यांचे घर सेंट्रल पार्क, पेठपाडा किंवा त्यापलीकडे आहे त्यांना हा वळसा परवडतो. सेक्टर १० च्या आसपास राहणारे मात्र अजूनही बस किंवा शेअर रिक्षा पकडून थेट खारघर स्थानकच गाठतात, आणि त्यांचा निर्णय चुकीचा आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. स्थानकातून उतरल्यावरचे पदपथही सगळीकडे सलग नाहीत. पेंधरच्या टोकाला तर रात्री उशिरा उतरणाऱ्या बाईमाणसाला घरापर्यंत पोहोचवणारे वाहन मिळेल याची खात्री देता येत नाही. त्याशिवाय विलंबाचा उल्लेख टाळता येत नाही: २०११ मध्ये पायाभरणी झालेल्या ११ किलोमीटरच्या मार्गावर पहिली गाडी धावायला १२ वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात एका पिढीची कॉलेजे या गाडीवाचून पार पडली.

आता या सगळ्यासाठी पैसा कुठून आला, ते पाहू. थोडाफार कर्जाचा आधार घेतला असला तरी या मार्गाचा मुख्य भार सिडकोने स्वतःच्या तिजोरीतून उचलला, आणि ती तिजोरी भूखंडांवर भरलेली आहे. या व्यवस्थेचा उगम १९६५ इतका मागे जातो. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी त्या वर्षी असे सुचवले की, मुंबई उत्तरेकडे लांबट वाढवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवे शहर वसवावे. त्यांच्या मांडणीत आर्थिक बाजू फार महत्त्वाची होती. शेतीच्या भावाने जमीन सरकारने आधी ताब्यात घ्यावी, तिच्यावर रस्ते, पाणी, मलनिस्सारण उभे करावे आणि त्यामुळे वाढलेल्या भावाने भूखंड द्यावेत, म्हणजे शहर स्वतःच्या वाढत्या किमतीतूनच स्वतःला बांधत जाईल, असा तो विचार होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही पूर्णपणे सरकारी मालकीची कंपनी स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे भागभांडवल ३.९५ कोटी रुपये होते. तेव्हाच्या ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्याकडे सोपवण्यात आले. एवढ्या भांडवलावर एवढे शहर उभे राहणे करवसुलीतून शक्य नव्हते, आणि निव्वळ सरकारी अनुदानातून तर मुळीच नव्हते. ते जमिनीमुळे शक्य झाले.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे लोकल. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आणि पुढे पनवेलपर्यंत रेल्वे आणण्यासाठी सिडकोने खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला आणि उरलेला ३३ टक्के रेल्वेने. मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, आणि तिथून पुढे वाशी आणि तिच्या शेजारच्या नोडचे नशीब पालटले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचलेला मार्गही याच वाटणीने झाला. आपल्या जमिनीवर वस्ती यावी म्हणून जमीनमालकाने रेल्वेला स्वतःहून पैसा दिला, आणि रेल्वे आल्यावर वाढलेल्या भावातून तो पैसा त्याने वसूल केला. हे चक्र नीट फिरले की प्रवासी, रेल्वे आणि जमीनमालक संस्था या तिघांचेही भले होते. मेट्रोची कारशेड, म्हणजे गाड्या ठेवण्याची व दुरुस्तीची जागा, तळोज्यात कुठे करायची यावर इथे वर्षानुवर्षे कोर्टकज्जे झाले नाहीत, कारण जागा हातात होती. मुंबई महानगरात कारशेडच्या जागेने केवढा गुंता केला हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल.

मात्र ही जमीन आकाशातून पडलेली नव्हती. ती भाताची खाचरे, खाजणे आणि मिठागरे होती, तिच्यावर आगरी, कोळी, कराडी कुटुंबांचे पोट होते, आणि जो भाव संपादनाच्या वेळी त्यांच्या हातात पडला त्यात पुढच्या शहराच्या किमतीचा लवलेशही नव्हता. सार्वजनिक मालकीचे गोडवे गाताना हा भाग वगळणे मला अप्रामाणिक वाटते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरच्या परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. प्रत्यक्षात त्यातूनही सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि हाती पावणेनऊ टक्के येतात. तरीही तत्त्व म्हणून ही योजना मोठी आहे. विकासाने जमिनीचा जो भाव वाढतो त्यावर ज्याची जमीन गेली त्याचाही हक्क आहे, हे तिने कागदावर मान्य केले. पुढे विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांना साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले, त्यामागे हाच लढा होता.

पेंधर टर्मिनलच्या फलाटावर उभे राहिले की या इतिहासाची एक बाजू डोळ्यांसमोर येते. एकीकडे तळोज्याचे उंच टॉवर, रेखीव सेक्टर, आखीव रस्ते. दुसरीकडे गावठाणातली घरे, एकाच्या भिंतीला दुसरे टेकलेले, वरच्या मजल्याच्या सळ्या अजून उघड्या, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि सुकायला टाकलेले कपडे. कुटुंब वाढले, गावठाणाची हद्द वेळेवर वाढली नाही, म्हणून मूळच्या लोकांनी जमेल तिथे खोल्या काढल्या. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या नावाने गेली कित्येक वर्षे ज्यांचा प्रश्न निवडणुकीगणिक निघतो आणि मागे पडतो, तीच ही घरे. संपादनाच्या वेळीच गावठाणाभोवती पुरेशी जागा राखून ठेवली असती तर हा प्रश्न इतका चिघळला नसता, असे माझे मत आहे. जमिनीचा मालक सरकार असल्याचा सर्वांत मोठा फायदा दूरचे पाहून जागा राखण्यात असतो, आणि तो फायदा ज्यांनी जमीन दिली त्यांच्याच वाट्याला आला नाही.

आता भाडेपट्ट्याकडे वळतो, कारण माझ्या मते या सबंध व्यवस्थेची कळ तिथे आहे. नवी मुंबईत बहुसंख्य इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन सोसायटीच्या मालकीची नाही. ती सिडकोकडून ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. एखाद्या जुन्या सोसायटीच्या कपाटातला करारनामा उघडून पाहावा. मुद्रांक कागदावर टंकलेला मजकूर, मागे भूखंडाचा नकाशा, चतुःसीमा, आणि एका कलमात एकरकमी अधिमूल्याचा, म्हणजे प्रीमियमचा, आकडा. त्याच्या खाली वार्षिक भाडे असते, आणि ते अनेक करारांत वर्षाला अवघे १०० रुपये असते. या दोन आकड्यांत सगळे आले. जमिनीचे जवळजवळ सगळे मोल सिडकोने पहिल्याच दिवशी अधिमूल्य म्हणून घेतले आणि पुढच्या ६० वर्षांसाठी नाममात्र भाड्यावर समाधान मानले. कागदोपत्री मालकी सार्वजनिक राहिली. पण त्या भूखंडाशेजारी रेल्वे आली, मेट्रो आली, पलीकडे विमानतळ आला आणि भाव कैक पटींनी चढला, तेव्हा त्या चढलेल्या भावातला ठरलेला वाटा मालकाकडे नियमित येण्याची सोय करारात नव्हती.

ही सोय नसल्यामुळे पुढे दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे संस्थेला पैसा हवा असेल तर नवा भूखंड काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मेट्रो बांधायची आहे, भूखंड काढा. पाणीयोजना हवी आहे, भूखंड काढा. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी दर वर्षी थोडी थोडी खाल्ली जावी, तसे हे आहे, आणि ३४४ चौरस किलोमीटर कितीही मोठे वाटले तरी ते कधीतरी संपणारच. दुसरी गोष्ट म्हणजे हस्तांतरण शुल्क. फ्लॅट विकताना सिडकोचे ना हरकत प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे शुल्क हा या शहरातल्या प्रत्येक कुटुंबाच्या तोंडचा विषय आहे. वाढलेल्या किमतीतला थोडासा वाटा या मार्गाने संस्थेकडे येतो हे खरे, पण तो नेमका अशा वेळी मागितला जातो जेव्हा मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा गावी परतण्यासाठी माणूस घर विकायला निघालेला असतो. त्यामुळे त्याचा जाच वाटतो. भाडेपट्टा काढून टाकून जमीन मालकी हक्काने द्यावी, ही रहिवाशांची मागणी या त्रासातूनच आली आहे, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेले करार २०३० च्या दशकात संपणार असल्यामुळे तिला धार आली आहे.

त्रास खरा आहे, मागणीमागची भीतीही खरी आहे. तरी सरसकट मालकी हक्क देऊन टाकावा हे मला पटत नाही. घर विकताना परवानगी मागावी लागू नये, मुदत संपल्यावर कुणाच्या डोक्यावरचे छप्पर जाणार नाही याची कायद्याने हमी मिळावी, हस्तांतरणाचे शुल्क बंद व्हावे, हे सगळे भाडेपट्टा ठेवूनही करता येते. त्याऐवजी वर्षाला एक माफक, आधीच कळलेले, जमिनीच्या भावाशी जोडलेले भाडे असावे. छोट्या घरांना त्यात मोठी सूट असावी आणि मॉल, हॉटेले, कार्यालयीन इमारती यांना ती नसावी. हे बोलणे लोकप्रिय नाही, याची मला जाणीव आहे. माझ्याच इमारतीतल्या काकांशी आणि वहिनींशी या विषयावर बोलताना दर वेळी मी अल्पमतात असतो. पण स्टेशनसमोरच्या व्यापारी भूखंडाचा भाव मेट्रोमुळे वाढला असेल, तर ती वाढ त्या भूखंडधारकाच्या कष्टाची नाही, मेट्रोच्या तिकिटाला हातभार लावण्याइतका तिचा काही भाग परत येणे न्याय्य आहे, या मतावर मी ठाम आहे.

इतर ठिकाणी हे कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. हाँगकाँगमध्ये जवळजवळ सगळी जमीन सरकारची असून ती भाडेपट्ट्यानेच दिली जाते. तिथली मेट्रो चालवणाऱ्या एमटीआर कंपनीला स्थानकावरच्या आणि सभोवतालच्या जागेचे विकास हक्क मेट्रो येण्याआधीच्या भावाने मिळतात, आणि मेट्रो आल्यावर वाढलेल्या भावातला फायदा मार्ग बांधण्याच्या खर्चाला जोडला जातो. म्हणजे स्थानक आणि त्याभोवतीची इमारत यांचा विचार एकाच टेबलावर होतो. सिंगापूरने १९६६ च्या भूसंपादन कायद्याने मोठ्या प्रमाणावर जमीन सरकारकडे घेतली आणि तिथली सरकारी घरे ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली जातात. त्यांची हिशेबाची रीत मला अधिक शिकण्यासारखी वाटते. जमीन देऊन आलेला पैसा तिथले सरकार चालू खर्चाला थेट वापरत नाही. तो राष्ट्राच्या राखीव निधीत जातो आणि अंदाजपत्रकाला त्या निधीच्या अपेक्षित परताव्याचा जास्तीत जास्त निम्मा भाग घेता येतो. मुद्दलाला हात लावायचा नाही हा आपल्याकडचा घरोघरचा नियम त्यांनी जमिनीला लावला. या दोन्ही ठिकाणी घरांच्या किमतींचे स्वतःचे गंभीर प्रश्न आहेत, विशेषतः हाँगकाँगमध्ये सामान्य माणसाला मिळणारी जागा फार अपुरी आहे. म्हणून त्यांची जशीच्या तशी नक्कल करावी असे मी म्हणत नाही. मात्र जमिनीचे उत्पन्न आणि सेवेचा खर्च यांची सांगड करारातच घालता येते, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

खरे तर नवी मुंबईला हे नवीन नाही. वाशी आणि बेलापूरची रेल्वे स्थानके सिडकोने बांधली तेव्हा स्थानकाच्या जोडीला व्यापारी इमारतीही उभ्या केल्या. वाशी स्थानकावरच्या माहिती तंत्रज्ञान संकुलात रोज कामाला जाणारा माणूस लोकलमधून उतरून छत्री न उघडता कार्यालयात पोहोचतो. सीवूड्स-दारावे स्थानकाभोवती मॉल आणि कार्यालये एकत्र उभी राहिली. त्या तुलनेत मेट्रोची स्थानके मला एकाकी वाटतात. रस्त्याच्या मध्यावर खांब, त्यावर स्थानक, दोन्ही बाजूंना उतरणारे जिने, आणि जिन्याखाली रिक्षांची रांग व एखादी भाजीची हातगाडी. आजूबाजूचे कित्येक भूखंड मेट्रो धावण्यापूर्वीच दिले गेले, त्यांवर इमारती झाल्या, आणि त्या इमारतींची दारे स्थानकाकडे पाठ करून राहिली. गाडीत दुपारच्या वेळी बाके मोकळी दिसतात त्याचे एक कारण इथे आहे. स्थानकाच्या पायथ्याशी कार्यालय, दवाखाना, बाजार असता तर दुपारचा प्रवासीही असता. खारघरमध्ये सेंट्रल पार्क आणि गोल्फ मैदानाच्या परिसरात मोठे कॉर्पोरेट पार्क उभारण्याची सिडकोची योजना आहे. त्या जमिनीला मेट्रोचा शेजार आहे, ती अजून सार्वजनिक हातात आहे, आणि चुकलेला धडा गिरवण्यासाठी यापेक्षा चांगली जागा या मार्गावर दुसरी नाही.

जमीन विकूनच कारभार चालवायचा ठरला की मोकळ्या जागेकडे पाहण्याची नजर बदलते, ही भीतीही इथे नोंदवली पाहिजे. घणसोलीत सरकारी क्रीडा संकुलासाठी राखलेली जागा निवासी विकासाकडे वळवून संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात नेण्याचा निर्णय झाला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. नवी मुंबईतल्या मुलांनी खेळायला शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करावा, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप सार्वजनिक हित, असे समीकरण मांडता येत नाही. मालक सरकार असले तरी राखीव भूखंडाचा वापर बदलताना जाहीर सुनावणी, कारणांची नोंद आणि बदल्यात जवळच तेवढीच जागा, या अटी असल्याच पाहिजेत. मालक खासगी असेल तर निदान शेजाऱ्याला दाद मागायला महापालिका तरी असते. इथे नियोजन करणाराही तोच आणि विकणाराही तोच.

एवढे असूनही ठाण्याकडे पाहिले की सार्वजनिक जमिनीची बाजू पुन्हा जड होते. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढली ती बहुतांशी खासगी जमिनीवर, एकेका विकासकाच्या सवडीने. रस्ता रुंद करायचा तर मालकाला विकास हक्क देऊन जागा मिळवायची, शाळेचे आरक्षण ताब्यात यायला वर्षे जायची, अशी तिथली गत. वडाळा ते कासारवडवली मेट्रोचे काम त्याच रस्त्यावर, वाहतूक चालू ठेवून करावे लागले, आणि ठाणेकरांनी त्याची धूळ व कोंडी किती सोसली हे घोडबंदरला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे गेले की ऐकायला मिळते. मोघरपाड्याच्या कारशेडसाठी तर तिथे जमीन कसणाऱ्यांना सिडकोच्या धर्तीवर विकसित भूखंड देण्याचा मार्ग काढावा लागला. म्हणजे नवी मुंबईच्या शेतकऱ्यांनी लढून मिळवलेले तत्त्व ठाण्यातही कामी आले. खारघरमध्ये मात्र मेट्रोचे खांब उभे करायला रुंद रस्ता आधीपासून राखलेला होता. त्यामुळेच १२ वर्षांच्या विलंबाची मला जास्त खंत वाटते: जागेची अडचण नसताना काम एवढे रेंगाळले.

नैना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, विमानतळाच्या प्रभावाखालील अधिसूचित क्षेत्रात सिडकोने आता सक्तीच्या संपादनाऐवजी नगर रचना योजनांचा मार्ग धरला आहे. जमीनधारकांनी जमीन एकत्र करायची, ४० टक्के विकसित भूखंड त्यांच्याकडे परत जायचा आणि उरलेल्या जागेतून रस्ते, सुविधा व विक्रीयोग्य भूखंड काढायचे, अशी ही रीत आहे. साडेबारा टक्क्यांपासून इथवर येणे ही प्रगती आहे, असे मी मानतो. तिथल्या गावकऱ्यांचे आक्षेप अजून मिटलेले नाहीत आणि ते ऐकून घेणे गरजेचे आहे. पण जमीन देणारा यात भागीदार म्हणून उरतो, हा फरक मोलाचा आहे.

सेवा म्हणून या मेट्रोला मी चांगला शेरा देईन, उत्कृष्ट नाही. सेक्टर ११ च्या पुढे खारघरमध्ये, तळोज्यात किंवा पेंधरला राहणाऱ्या आणि बेलापूरला कामाला किंवा लोकल पकडायला जाणाऱ्या माणसाने ती अवश्य वापरावी. रस्त्यावरची दगदग वाचते, पैसा वाचतो, आणि पावसाळ्यात कपडे कोरडे राहतात. खारघर स्थानकाच्या जवळच्यांना तिचा उपयोग आज कमी आहे. गाड्यांची वारंवारिता वाढवणे आणि प्रत्येक स्थानकाखाली बसचा ठरलेला थांबा देणे, ही कामे नव्या भूखंडाची वाट न पाहता करता येतील. पुढचे मार्ग तळोजा एमआयडीसी, कळंबोली, खांदेश्वर आणि विमानतळाकडे आखलेले आहेत. त्यांच्या स्थानकांलगतचे जे भूखंड आज सिडकोच्या नावावर आहेत, ते निविदेला काढण्याआधी त्यांच्या भाडेपट्ट्यात वार्षिक भाड्याचे कलम बदलून घ्यावे आणि ते भाडे थेट मेट्रोच्या खात्यात जमा करण्याची तरतूद करावी, अशी माझी सिडकोच्या संचालक मंडळाला आणि नगरविकास विभागाला विनंती आहे.